तक्क्यासह, तक्क्याशिवाय

तपासनीस अकरा वाजता येणार होते आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी वजनताईच्या लक्षात आलं, की कारखान्यातला कचरा नाहीसा झाला आहे.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी कापणीचं टेबल, भिंतीला लागून सहा शिलाई मशिनं, मागच्या दाराशी तीन पोती आणि पोत्यांजवळ जमिनीवर ठेवलेला चपटा वजनकाटा. इथे दवाखान्यांसाठी ॲप्रन शिवले जात, पांढरे आणि हिरवे. मालकीण वहिनी. कापणी करणारे मास्तर हे त्यांचे धाकटे दीर. ते वहिनी म्हणत म्हणून सगळेच वहिनी म्हणत. वरच्या मजल्यावर सासूबाई राहत आणि खाली काय चाललंय ते मशिनांच्या आवाजावरून ओळखत.

वजनताई हे नाव मास्तरांनी ठेवलं होतं. मुलगी रसायनशास्त्र शिकलेली. छोट्या शिलाई कारखान्यांना कापड वाया न घालवता कसं वापरावं हे शिकवणाऱ्या एका संस्थेने तिला पाठवलं होतं, आणि हा तिचा पहिलाच कारखाना होता. तिच्या पिशवीत एक छोटा, ग्रॅम दाखवणारा काटा कायम असे. पहिल्याच दिवशी तिने टेबलाखालचे कापडाचे तुकडे गोळा करून तोलले आणि सांगितलं, की शंभर किलो कापडातलं चौदा किलो कचऱ्याच्या गाडीत जातं.

"तीस वर्षं कात्री धरतोय," मास्तर म्हणाले. "माझ्या कापणीत खोट काढणारा अजून जन्माला यायचाय."

"खोट नाही काढली, काका. चौदा किलो काढले."

मास्तर आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्या आठ दिवसांत ते कागदाचे साचे टेबलावर मांडत होते, उचलत होते, पुन्हा मांडत होते. ॲप्रनच्या बगलेला जो वळणदार तुकडा सुटतो, त्यात खिसा बसतो, आणि दोन ॲप्रन उलटसुलट मांडले की मधल्या पट्टीतून बंद निघतात, हे त्यांनी शोधून काढलं. नवव्या दिवशी त्यांनी पोतं पायाने तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मोजा." चौदाचे पाच झाले होते. वजनताईने काटा दोनदा तपासला. मास्तरांनी खिडकीबाहेर बघत मिशीवरून बोट फिरवलं, बस्स.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तुकडे तोलायचे, वहीत लिहायचे आणि पोत्यात टाकायचे असा नेम झाला. आजची तपासणी त्या वहीचीच होती. पास झालं तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यालाच एक मोठा दवाखाना वर्षभराचे ॲप्रन देणार होता. नाही मिळालं, तर सहापैकी दोन मशिनांवर कापड झाकावं लागणार, आणि त्यांवर बसणाऱ्या दोन नव्या मुली घरी जाणार. वहिनींनी त्या दोघींना शब्द दिला होता. शब्द दिल्यापासून त्या रोज सकाळी त्या दोन मशिनांना स्वतः तेल घालत.

तपासणीचा नियम सरळ होता. गेल्या महिन्याच्या वहीत जेवढं वजन आहे, तेवढे तुकडे कारखान्यात दाखवायचे. वहीत आहे आणि समोर नाही, तर माल जाळला किंवा नाल्यात टाकला असं धरलं जाई.

वहीत होतं अठ्ठेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. पहिल्या पोत्यात निघालं तीनशे ग्रॅम. दुसऱ्या पोत्यात तिसरं पोतं घडी करून ठेवलेलं होतं.

"वहिनी," वजनताईने विचारलं, "पोती कुणी रिकामी केली?"

"मला काय माहीत? मी आपले थोडे घेतले होते."

"थोडे म्हणजे?"

वहिनींनी इस्त्रीच्या टेबलाकडे बोट केलं. टेबलावर चांगली चार बोटं जाड, टाके घातलेली नवी घडी होती. मग एकेकजण कबूल होत गेली. दोन नव्या मुलींनी सगळ्यांच्या स्टुलांना गाद्या शिवल्या होत्या. काज-बटणं करणाऱ्या मावशींनी तुकड्यांच्या वेण्या घालून पायपुसणी केली होती आणि गल्लीत अकरा घरी वाटली होती. पलीकडच्या बालवाडीला एक हत्ती भरून दिला होता, तोही मावशींनीच. प्रत्येकीने थोडंच घेतलं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीनेच घेतलं.

"तुम्हीच सांगितलंत ना," मावशी म्हणाल्या, "की टाकायचं काही नसतं म्हणून. आता नाही टाकलं तर तोंड का उतरलं?"

वजनताई वहीकडे बघत होती. वहीतल्या रेघा तिनेच आखल्या होत्या. तारीख, रंग, वजन. पोत्यात काय आलं ते सगळं होतं. पोत्यातून काय गेलं, याचा रकानाच नव्हता. तिला वाटलं होतं, चिंध्या बाहेर जायचा रस्ता एकच असतो, कचऱ्याची गाडी. शास्त्र शिकलेल्या मुलीने प्रयोगाचा अर्धाच भाग लिहून ठेवला होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी साहेबांना तसं सांगते."

"सांगा हो, पण मग सांगा," वहिनी पदर खोचत म्हणाल्या. "वही खोटी नाही ना? मग माल गल्लीतच आहे. पायपुसणीला काय पाय फुटलेत? चला, आणू या."

पुढचा सव्वा तास गल्लीला बराच लक्षात राहिला. दोन नव्या मुली एका टोकाने आणि मावशी दुसऱ्या टोकाने दारोदार गेल्या. दिलेली भेट परत मागायची म्हणजे कानकोंडं व्हायचंच. एका बाईने पायपुसण्यावरून पाय न उचलताच विचारलं, की आमचं काही चुकलं का. दुसरीने ते धुऊन वाळत घातलं होतं. वजनताईने चिमटीत धरून बघितलं, वाळलंय अशी खात्री झाल्यावरच घेतलं, कारण पाण्याचं वजन धरता येत नाही. बालवाडीच्या बाईंनी हत्ती दिला, पण चिठ्ठी लिहून घेतली, की मुलांच्या झोपेआधी परत आणू. हत्तीला सोंडेला धरून मास्तर रस्त्याने निघाले तेव्हा शेजारचे पडदेवाले आपल्या दारात उभेच होते.

पडदेवाल्यांचा कारखाना भिंतीला भिंत लागून होता. गेले दोन महिने ते एका सभागृहाचे निळे पडदे शिवत होते आणि त्यांचे तुकडे मागच्या भिंतीशी ढीग लावून फेकत होते. तुकडे तोलणाऱ्या शेजाऱ्यांची थट्टा हा त्यांचा सकाळचा नाश्ता होता.

"काय मास्तर, चिंध्यांची मिरवणूक काढलीत वाटतं?"

मास्तर तसेच पुढे चालत राहिले. हातात हत्ती असताना माणसाला करारी उत्तर सुचत नाही.

तेवढ्यात मावशींनी खालच्या आवाजात आणखी एक कबुली दिली. पडदेवाल्यांचा तांबूस, धिप्पाड कुत्रा ज्या गादीवर झोपतो, ती गादीही आपल्याच तुकड्यांची आहे. पडदेवाल्यांनी ऐकून कपाळाला आठ्या घातल्या, पण गादी न्यायला हरकत घेतली नाही. हरकत कुत्र्याची होती. तो गादीवरून उठेना. मास्तरांनी आणि वहिनींनी गादी चार कोपऱ्यांना धरून कुत्र्यासकट उचलली आणि काट्यावर ठेवली.

"असू दे," वजनताई म्हणाली. बऱ्याच वेळाने तिला एक गोष्ट नक्की ठाऊक होती. "दोघांचं मिळून वजन घेऊ. मग नुसत्या कुत्र्याचं घेऊ. वजाबाकी केली की गादी."

दोघांचं भरलं सव्वीस किलो तीनशे. मग बिस्कीट दाखवून कुत्र्याला खाली बोलावलं, गादी बाजूला काढली, दुसरं बिस्कीट दाखवून त्याला काट्यावर उभं केलं. एकोणीस किलो शंभर. गादी सात किलो दोनशे. वजनताईने कागदावर वजाबाकी मांडली, खाली दोन रेघा ओढल्या, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

राहिला तक्क्या. तो वरच्या मजल्यावर, सासूबाईंच्या पाठीमागे होता.

हा तक्क्या मास्तरांनी आईसाठी स्वतः भरला होता. तो टेकल्यापासून सासूबाईंची कंबर दुखायची थांबली होती आणि तेव्हापासून तक्क्या त्यांच्या नजरेआड झाला नव्हता. तक्क्या खाली पाठवायचा म्हटल्यावर त्यांनी तो काखेत मारला आणि त्याच्याबरोबर स्वतः खाली आल्या.

"हात लावायचा नाही कुणी," त्या म्हणाल्या. "त्या बायकांची अकरा पायपुसणी परत जातील. माझं मेलीचं कोण बघतं?"

"आजी, तुम्ही तक्क्या घेऊनच काट्यावर उभ्या राहा," वजनताई म्हणाली. "हातातून सोडूसुद्धा नका. मघाशी कुत्र्याचं केलं ना, तसंच."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"कुत्र्यानंतर माझा नंबर?" सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी मग त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं ते कुणाला ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा सासूबाईंनी आधी त्या दोन नव्या मुलींकडे पाहिलं, मग काट्याकडे, आणि एखाद्या मंचावर चढावं तशा त्या काट्यावर चढल्या. तक्क्यासह सदुसष्ट किलो नऊशे. मग त्यांनी तक्क्या सुनेच्या हाती दिला, चपला काढल्या, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि पुन्हा चढल्या. तक्क्या भरला साडेसहा किलो.

"आजी, चपला आणि किल्ल्या पहिल्या वेळी होत्या. परत घेऊ या."

"वजन कमी दिसतंय तर दिसू दे की."

"तुमचं कमी दिसलं की तक्क्याचं जास्त दिसतं."

हा हिशेब पटायला थोडा वेळ लागला. अखेर चपला आणि किल्ल्यांसकट सासूबाई बासष्ट किलो शंभर भरल्या आणि तक्क्या पाच किलो आठशे. वजनताई आकडा मोठ्याने वाचत असतानाच दारातून कुणीतरी घसा साफ केला. अकरा वाजले होते. दारात तपासनीस उभे होते. त्यांच्यासमोर एक हत्ती, एक कुत्रा, पायपुसण्यांचा ढीग आणि काट्यावर ताठ उभ्या असलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या.

तपासनीस कमी बोलणारे होते. त्यांनी स्टुल ओढलं, बसले आणि वही मागितली. वजनताईने वही दिली आणि कुणी विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. जाण्याचा रकाना आखायला आपण विसरलो, तुकडे वापरले गेले, ते परत गोळा केलेत, बहुतेकांचं वजन झालंय, एकच राहिलंय.

"कुठलं?"

"साहेब, जरा उठता का?" ती म्हणाली. "तुम्ही कचऱ्यावर बसलाय."

तपासनीस उठले. गादी उलटीपालटी करून पाहिली, शिवण बोटाने ओढून पाहिली, आणि स्वतःच काट्यावर ठेवली. मग वजनताईचा वजनांचा कागद घेतला. इस्त्रीची घडी साडेसहा. सात गाद्या नऊ आठशे. अकरा पायपुसणी सतरा सहाशे. हत्ती चार शंभर. कुत्र्याची गादी, तक्क्या, आणि पोत्यातले तीनशे ग्रॅम. त्यांनी बेरीज केली, वजनताईने केली, वहिनींनी बोटांवर केली. तिघांचीही सारखीच आली. एक्कावन्न किलो तीनशे.

वहीत अठ्ठेचाळीस सहाशे होते.

"कमी भरलेले कारखाने मी पुष्कळ पाहिलेत," तपासनीस म्हणाले. "जास्त भरलेला हा पहिलाच. पण वही जुळत नाही म्हणजे नाहीच जुळत. दोन किलो सातशे आलं कुठून?"

त्या दोन मुलींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. पडदेवाले दारात येऊन चौकटीला टेकले. घरचं काम टाकून शेजारचं नुकसान बघण्यात वेगळीच मजा असते. वजनताईने काटा शून्यावर आणून पाहिला. काटा बिनचूक होता, म्हणजे आकडाही खराच होता.

बोलले ते मास्तर. इतका वेळ ते भिंतीशी उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"माझ्या टेबलावरून एवढं सुटत नाही," ते म्हणाले. "वही बरोबर आहे. तुमची ही रास चुकतेय."

ते खाली बसले आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहू लागले. कापडाचा तुकडा आपल्या कात्रीचा की दुसऱ्याच्या, हे त्यांना कडेवरून कळे. पायपुसणी त्यांनी एकामागून एक सोडली आणि अकरावं हातात धरून थांबले. मग कुत्र्याची गादी ओढली आणि तिची खोळ चिमटीत धरली.

"वहिनी, आपल्याकडे निळं कापड कधी आलं?"

मावशींनी मान खाली घातली. तिसऱ्या आठवड्यात तुकडेच संपले होते, त्या म्हणाल्या. मास्तर दिवसेंदिवस कमी सोडतात, त्याला आपण काय करणार. दहा घरी पायपुसणी दिली आणि अकराव्या घरी नाही, हे बरं दिसेना. तेव्हा पडदेवाल्यांच्या मागच्या भिंतीशी जो ढीग पडतो, त्यातून घेतलं.

"फुकट नाही घेतलं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच कुत्र्याला गादी दिली. खोळ त्यांच्या कापडाची, आतलं आपलं."

"म्हणजे माझा माल पळवलात," पडदेवाले चौकट सोडून आत आले. "साहेब, लिहून घ्या. चोरीचा माल आहे."

तपासनिसांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच वळून पाहिलं.

"माल असेल तर तुमच्या वहीत नोंद दाखवा. कचरा असेल तर तो मागच्या भिंतीशी का पडतो, ते सांगा. दोन्हींपैकी काय लिहून घेऊ?"

पडदेवाल्यांनी खाली वाकून कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कुत्र्याला तो प्रश्न फारसा अवघड वाटला नसावा, कारण तो पुन्हा गादीवर जाऊन झोपला. बिस्कीट दाखवून त्याला परत उठवावं लागलं, खोळ काढून तोलावी लागली. खोळ एक किलो शंभर. निळं पायपुसणं एक किलो सहाशे. दोन्ही मिळून दोन किलो सातशे.

"इतकं तंतोतंत कधी जुळत नाही," तपासनीस म्हणाले.

"हा काटा शंभर ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, साहेब," वजनताई म्हणाली. "थोडंफार इकडेतिकडे असेलच. मला दिसत नाहीये, एवढंच."

तपासनीस किंचित हसल्यासारखे वाटले. त्यांनी वही मिटली आणि मास्तरांना कापणी दाखवायला सांगितलं. मास्तरांनी कापड अंथरलं, साचे मांडले. उलटा ॲप्रन, सुलटा ॲप्रन, मधे बंद, बगलेत खिसा. त्यांनी समजावून काही सांगितलं नाही. तपासनीस टेबलाभोवती एक फेरी मारून आले, वाकून साच्यांमधल्या फटी पाहिल्या. एका फटीत त्यांनी करंगळी घालून पाहिली. ती बसली नाही.

"हे कुणी शिकवलं?"

"या मुलीने," मास्तर म्हणाले. वजनताईने मान वर केली. आजवर ते तिला 'ही मुलगी' सोडून बाकी सगळं म्हणाले होते. "म्हणजे, हिने चौदा किलो काढून दाखवले. बाकीचं माझं मी केलं."

तपासनीस प्रमाणपत्र भरू लागले. एका जागी थांबले. तिथे छापलेलं होतं, कचऱ्याच्या विल्हेवाटीत येणारी मुख्य अडचण. त्यांनी पेन उचललं, थोडा विचार केला, आणि नीट अक्षरात लिहिलं, 'कचरा पुरत नाही. शेजारून आणावा लागतो.' खाली शिक्का मारला, आणि वजनांच्या कागदावरही मारला. दोन नव्या मुलींपैकी एकीने मशीन सुरू केलं, आणि वहिनींनी तिकडे पाठ केली, कारण त्यांना डोळे पुसायचे होते.

निघताना तपासनिसांनी वजनांचा कागद प्रमाणपत्राला जोडायला घेतला आणि शेवटच्या ओळींवर त्यांची नजर थांबली.

"एक शंका आहे. दुसऱ्या वेळी आजीबाईंनी तक्क्या खाली ठेवला होता ना?"

"सुनेच्या हातात दिला होता," वजनताई म्हणाली.

"मग तेव्हाच नुसता तक्क्या काट्यावर ठेवला असता तर?"

वजनताईने कुत्र्याच्या गादीकडे पाहिलं. तिथेही तेच झालं होतं. रसायनशास्त्राची पदवी, दोन वजाबाक्या, चार रेघा.

"म्हणजे माझं वजन उगाचच केलं?" सासूबाई म्हणाल्या. "तेही तीनदा?"

कागद मात्र आता बदलता येत नव्हता. त्यावर शिक्का बसला होता.

दवाखान्याचं काम दहा दिवसांनी सुरू झालं. सहाही मशिनं चालू लागली. हत्ती चिठ्ठीप्रमाणे झोपेआधीच परत गेला होता आणि पायपुसणी ज्याच्या त्याच्या दारात. वहिनींनी प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेला कागद, दोन्ही एकाच चौकटीत घालून दाराच्या समोर लावले. सुताची रिळं घेऊन येणारा असो की वीज मोजायला येणारा, मास्तर त्याला चौकटीपाशी नेत आणि 'कचरा पुरत नाही' ही ओळ आपणहून वाचून दाखवत.

एके सकाळी पडदेवाले कोरी वही घेऊन आले. बसले नाहीत. रेघा आखून द्याल का, एवढंच त्यांनी विचारलं.

"देते की," वजनताई म्हणाली.

"'बाहेर'चा रकाना विसरू नका," पडदेवाले म्हणाले आणि खुशीत निघून गेले. तेवढा टोमणा त्यांना मारू देणं भागच होतं.

अडचण एकच उरली. येणारा प्रत्येकजण मास्तर दाखवत ती ओळ वाचायचा, पण नजर खाली घसरायची आणि शेवटच्या ओळीवर थांबायची. सासूबाई, तक्क्यासह. सासूबाई, तक्क्याशिवाय. सासूबाईंनी हे दोन दिवस जिन्यातून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्या खाली आल्या, मास्तरांच्या टेबलाखाली वाकल्या आणि बराच वेळ शोधून एक हिरवा तुकडा घेऊन आल्या. तो त्यांनी चौकटीच्या काचेवर, नेमका त्या दोन आकड्यांवर, खळीने चिकटवला.

"एक मिनिट, आजी," वजनताई म्हणाली.

तिने तुकडा अलगद सोडवला, पिशवीतल्या छोट्या काट्यावर ठेवला आणि पुन्हा जागच्या जागी चिकटवून दिला. मग वही काढली. वहीत आता चौथा, 'बाहेर'चा रकाना होता, आणि तो अजून कोराच होता. तिथे तिने पहिली नोंद केली. हिरवा तुकडा, दोन ग्रॅम. वापर, सासूबाईंची अब्रू झाकणे.

"खळ धरून," तिने कंसात लिहिलं.